फेर्डिनांड दावीद: एका नोकरदार व्हायोलिनवादकाचा संसार

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात व्हायोलिनवर पोट भरायच्या दोन वाटा होत्या. एक फिरस्तीची. सभागृह भाड्यानं घ्यायचं, तिकिटं खपवायची, टाळ्या घ्यायच्या आणि घोडागाडीत बसून पुढचं शहर गाठायचं. इटलीच्या व्हायोलिनवादक पागानिनीनं या वाटेवर अफाट पैसा आणि त्याहून अफाट बोलबाला मिळवला. दुसरी वाट ऑर्केस्ट्रातल्या नोकरीची. काम रोजचं, पगार बेताचा, आणि आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळून जावा हीच त्या कामातली खरी कसोटी. संगीताच्या इतिहासात पहिल्या वाटेवरच्यांची नावं उरली. दुसऱ्या वाटेवर हजारो माणसं होती, त्यांची उरली नाहीत.

फेर्डिनांड दावीद (१८१०–१८७३) हा त्या हजारोंमधला. पण त्याच्याबद्दल पुरेशी माहिती शिल्लक असल्यामुळे त्याचं प्रकरण नीट तपासता येतं. एकल वादकाची फिरती त्याला जमली असती. पंधराव्या वर्षी तो मंचावर उभा राहिला होता, विशीत रशियापर्यंत वाजवून आला होता. तरी १८३६ मध्ये त्यानं लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्रात कॉन्सर्टमास्टरची, म्हणजे व्हायोलिनवादकांच्या म्होरक्याची, जागा घेतली आणि मरेपर्यंत, म्हणजे ३७ वर्षं, ती सोडली नाही. या नोकरीवर त्याचं घर कसं उभं राहिलं, आणि त्या घरानं नोकरीला काय दिलं, हा या अभ्यासाचा विषय आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. दावीदची वाद्यवृंदातली कामगिरी त्याच्या नात्यागोत्यांपासून वेगळी काढता येत नाही. बहीण, सासर, मित्र, शिष्य आणि मुलगा यांच्या जाळ्यातच ती घडली, आणि त्याच जाळ्यातून ती पुढच्या शतकात पोचली.

हांबुर्ग, आणि बहिणीबरोबरचे दौरे

दावीदचा जन्म हांबुर्गमधल्या एका ज्यू कुटुंबातला. ज्या घरात तो जन्मला, त्याच घरात आदल्या वर्षी, फेब्रुवारी १८०९ मध्ये, पुढे मोठा संगीतकार झालेल्या फेलिक्स मेंडेलसनचा जन्म झाला होता. दोन्ही मुलांना एकमेकांची ओळख व्हायच्या आतच, १८११ मध्ये, मेंडेलसन कुटुंब नेपोलियनच्या फौजांच्या ताब्यातलं हांबुर्ग सोडून बर्लिनला गेलं. पुढे ज्या दोघांची नावं कायमची एकत्र घेतली जाणार होती, त्यांचा जन्म एकाच छपराखाली व्हावा, हा योगायोग चरित्रकारांना फार आवडतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दावीदच्या घरातली दुसरी गोष्ट. त्याची बहीण लुईझ त्याच्याहून वर्षभरानं धाकटी, आणि पियानोत त्याच्याइतकीच तयार.

तेराव्या वर्षी फेर्डिनांडला कासेलला पाठवण्यात आलं. तिथे लुई श्पोर दरबाराचा संगीतप्रमुख होता. जर्मन व्हायोलिनची तेव्हाची सगळ्यात भारदस्त शैली त्याची. मोठा, गाता स्वर, लांब गज, आणि चमत्कृतीबद्दल थोडी नाराजीच. श्पोरकडे व्हायोलिन आणि त्याच्याच वाद्यवृंदातल्या मोरित्स हाउप्टमानकडे संगीतशास्त्र, असं दावीदचं शिक्षण झालं. हाउप्टमान हे नाव लक्षात ठेवायला हवं, ते पुन्हा येणार आहे.

शिक्षण आटोपल्यावर भाऊ-बहीण दौऱ्यावर निघाले. १८२५ मध्ये दोघं लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये वाजवून गेली. तो पंधरा वर्षांचा, ती चौदाची. दौऱ्यांनी दोघांना मंचाची सवय लावली, पण पुढे दोघांनीही फिरस्तीची वाट सोडली. लुईझनं १८२८ मध्ये लग्न केलं, ती मिसेस डुल्कन झाली आणि लंडनला गेली. तिथे तिनं पियानोवादक आणि शिक्षिका म्हणून मोठं नाव कमावलं. व्हिक्टोरिया राणी तिच्या शिष्यांपैकी. १८५० मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली. तिच्या मुलाचं नाव तिनं भावावरून फेर्डिनांड ठेवलं होतं. हा भाचा शिकायला मामाच्या गावाला, लाइपझिगला आला, आणि पुढे अमेरिकेत न्यूयॉर्कला पियानोवादक म्हणून स्थायिक झाला.

भावाच्या चरित्रात लुईझला एखाद्या ओळीवर उरकतात, ते मला पटत नाही. एकाच घरातली दोन सारख्याच गुणांची मुलं. मुलाला दरबारी गुरू मिळाला, नंतर ऑर्केस्ट्रातली जागा मिळाली. मुलीसाठी ऑर्केस्ट्राचं दार बंदच होतं, तेव्हा तिनं शिकवण्या आणि स्वतःच्या जलशांवर लंडनसारख्या शहरात जम बसवला. कष्टांचा हिशेब मांडला तर तिचे जास्तच भरतील.

डोरपाटचं सासर

फेर्डिनांड १८२६ मध्ये बर्लिनच्या क्योनिगश्टाट थिएटरच्या वाद्यवृंदात लागला. ही त्याची पहिली नोकरी. रात्री थिएटरमध्ये वाजवायचं आणि सवड मिळेल तेव्हा मेंडेलसनांच्या घरी. तिथे फेलिक्सशी त्याची खरी ओळख झाली, चेंबर संगीताच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या घरगुती, बैठकींमधून.

तीन वर्षांनी त्याला एक वेगळीच नोकरी आली. बाल्टिक प्रदेशातल्या डोरपाटला, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तू शहराला, कार्ल गोटहार्ड फॉन लिपहार्ट नावाचा जर्मन जमीनदार बॅरन होता. त्यानं स्वतःचं खासगी स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे तंतुवाद्यांची चौकडी, बाळगलं होतं. चार वादक पगारी ठेवायचे आणि घरच्या दिवाणखान्यात हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन ऐकायचे. या क्वार्टेटचा पहिला व्हायोलिनवादक म्हणून दावीद १८२९ मध्ये तिकडे गेला. अधूनमधून रिगा, सेंट पीटर्सबर्ग, मॉस्को असे दौरेही केले. पण त्या वर्षांची खरी कमाई म्हणजे क्वार्टेटचा सराव. चौघांत वाजवताना दुसऱ्याचा श्वास ऐकावा लागतो, आपला गज कुठे संपतो तिथे त्याचा कुठे सुरू होतो हे पाहावं लागतं. पुढे चाळीस-पन्नास माणसांच्या ताफ्याला त्यानं जी शिस्त लावली, तिचं मूळ मला या दिवाणखान्यात दिसतं.

आणि तिथेच त्याचं लग्न जमलं. बॅरनची मुलगी सोफी हिनं आपल्या घरच्या पगारी व्हायोलिनवाल्याशी लग्न केलं. त्या काळाच्या पायरीनं पाहिलं तर ही केवढी उडी होती! एकीकडे बाल्टिक प्रदेशातलं जमीनदार सरदार घराणं, दुसरीकडे ज्यू कुटुंबातून आलेला, महिन्याच्या पगारावर राहणारा वादक. दावीदनं पुढे प्रोटेस्टंट धर्म स्वीकारला. जर्मनीतल्या शिकलेल्या ज्यू घरांमध्ये तेव्हा हे बरंच होत होतं. मेंडेलसन भावंडांचा बाप्तिस्मा तर लहानपणीच, १८१६ मध्ये, झाला होता.

सोफीचं माहेर कलासक्त होतं. तिचा भाऊ कार्ल एडुआर्ड मोठा कलासंग्राहक, आणि भावाचा मुलगा एर्नस्ट हा चित्रकार, पुढे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातल्या चित्रांचा अभिरक्षक. लिपहार्टांची राटसहोफची हवेली दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाली. त्या परिसरात सोव्हिएत काळात लष्करी विमानतळ होता. त्याच्या धावपट्टीच्या टोकाला २०१६ मध्ये एस्टोनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाची नवी इमारत उघडली.

लाइपझिगची जागा

१८३५ मध्ये मेंडेलसन गेवांडहाउसचा संगीतप्रमुख म्हणून लाइपझिगला आला. त्याच वर्षी तिथला जुना कॉन्सर्टमास्टर हाइनरिख आउगुस्ट माटथाय वारला. मेंडेलसननं ताबडतोब दावीदला बोलावून घेतलं आणि १८३६ पासून तो त्या जागेवर रुजू झाला.

जागेचं स्वरूप समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. गेवांडहाउस म्हणजे कापडव्यापाऱ्यांची बाजारइमारत. तिच्या वरच्या मजल्यावर १७८१ मध्ये जलशांसाठी सभागृह बांधलं होतं, साधारण ५०० माणसं बसतील एवढं. अरुंद, लांबट, लाकडाचं, आणि आवाजाला अतिशय उत्तम. श्रोते एकमेकांकडे तोंड करून दोन्ही बाजूंना बसत. भिंतीवर सेनेकाचं लॅटिन वचन, की खरा आनंद ही गंभीर गोष्ट आहे. व्हायोलिन आणि व्हायोलावाले उभ्यानं वाजवत. ही प्रथा तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. म्हणजे दावीद पूर्ण सिंफनी उभा राहून वाजवायचा, आणि मागची सगळी फळी त्याच्या खांद्याकडे आणि गजाकडे पाहत उभी असायची.

माटथायच्या काळात सिंफनी चालवायची ती कॉन्सर्टमास्टरनंच, पहिल्या जागेवरून, व्हायोलिन हातात धरून. समोर उभं राहून काठीनं ताल देणारा संचालक फक्त गायनाच्या रचनांना लागे. मेंडेलसननं काठी हातात घेऊन सगळंच संचालन स्वतःकडे घेतलं. वरवर पाहता यात कॉन्सर्टमास्टरचा मान घटला. दावीदच्या जागी एखादा मानी माणूस असता तर भांडण अटळ होतं. दावीदनं मात्र या बदलातून आपलं नवं काम घडवलं. ताल आणि अर्थ संचालकाचा. पण तो अर्थ तारेवर कसा उतरायचा, गज वर जाताना की खाली येताना, कोणत्या बोटानं, किती दाबानं, हे ठरवणार कॉन्सर्टमास्टर. मुंबईत एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला जाणाऱ्यांनी पाहिलं असेल, पहिली व्हायोलिन वाजवणारी व्यक्ती सगळ्यांच्या नंतर मंचावर येते, वाद्यं जुळवून घेते, आणि संचालक आल्यावर आधी तिच्याशी हात मिळवतो. या पदाचा आजचा अर्थ घडवणाऱ्या पहिल्या काही माणसांत दावीद येतो.

आता पोटापाण्याचं. गेवांडहाउसचे वर्गणीचे जलसे हिवाळ्यात, सप्टेंबरअखेर ते ईस्टर, गुरुवारी संध्याकाळी, हंगामात वीस. एवढ्यावर कोणाचंच घर चालत नसे. तेच वादक शहराच्या थिएटरात ऑपेराला वाजवत आणि चर्चच्या संगीतालाही. दावीद या तिन्ही ठिकाणी पहिला व्हायोलिन. शिवाय क्वार्टेटच्या बैठका, शिकवण्या, आणि प्रकाशकांसाठी जुन्या रचनांचं संपादन. १८४३ मध्ये लाइपझिगचं संगीत विद्यालय सुरू झालं. ब्लूमनर नावाच्या एका न्यायाधीशानं मागे ठेवलेल्या २०,००० थालरच्या देणगीतून ते उभं राहिलं. मेंडेलसन, संगीतकार शूमान आणि हाउप्टमान यांच्या बरोबरीनं दावीद तिथे पहिल्या दिवसापासून व्हायोलिनचा प्राध्यापक. हाउप्टमान म्हणजे तोच, कासेलचा गुरू. १८४२ मध्ये तो बाखच्या जुन्या पदावर, थॉमसकिर्ख या चर्चचा कांटोर, म्हणजे संगीतप्रमुख, म्हणून, लाइपझिगला आला होता. गुरू-शिष्य आता एकाच शिक्षकखोलीत.

या सगळ्याची बेरीज म्हणजे त्याचा संसार. कष्ट भरपूर, पण पायाखालची जमीन पक्की. आणि ती पक्की असण्याचं एक कारण लाइपझिग शहर हे होतं. तिथे राजदरबार नव्हता. गेवांडहाउस चालवायची ती व्यापारी, वकील, पुस्तकविक्रेते यांची समिती. कासेलला श्पोरची अवस्था याच्या अगदी उलट. १८५१ मध्ये तिथल्या संस्थानिकानं त्याला सुट्टी नाकारली. तो न विचारता गेला, तर पगारातून कापून घेतलं. तीस वर्षं चाकरी केलेल्या, सगळ्या युरोपात मान असलेल्या माणसाची ही कथा! लाइपझिगच्या ऑर्केस्ट्राला मात्र अठराव्या शतकापासून स्वतःचा निवृत्तिवेतन निधी होता, आणि त्यासाठी दर वर्षी जलसा व्हायचा. शूमानची पहिली सिंफनी ३१ मार्च १८४१ रोजी पहिल्यांदा वाजली, ती अशाच निधीच्या जलशात. म्हाताऱ्या वादकांच्या पोटाची सोय करणाऱ्या एका संध्याकाळी एवढी मोठी रचना जन्माला आली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या संध्याकाळी संचालक मेंडेलसन, आणि व्हायोलिनांच्या पुढे दावीद.

ई मायनर

३० जुलै १८३८ च्या पत्रात मेंडेलसन दावीदला लिहितो, की येत्या हिवाळ्यात तुझ्यासाठी एक व्हायोलिन कंचेर्तो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) करावा म्हणतो. ई मायनरमधला एक डोक्यात घोळतोय, आणि त्याची सुरुवात मला स्वस्थ बसू देत नाही. तो हिवाळा गेला, आणखी बरेच गेले. कंचेर्तो पुरा झाला सप्टेंबर १८४४ मध्ये. मधल्या काळात आणि नंतरही, डिसेंबरपर्यंत, प्रश्न चालूच राहिले. हे वाजवता येतं का, इथे तारा अशा बदलल्या तर, कादेन्झा असा ठीक आहे का. दावीद सूचना करत गेला, मेंडेलसन त्यातल्या घेत गेला.

कादेन्झा म्हणजे वादकाला एकट्याला सोडलेली जागा. प्रथेप्रमाणे ती पहिल्या भागाच्या शेवटी यायची आणि वादक तिथे आपलं कसब दाखवायचा. मेंडेलसननं ती उचलून भागाच्या मध्यावर आणली. शेवटी व्हायोलिन चारही तारांवर उसळत्या गजानं झुलत राहतं आणि त्या झुल्यावर ऑर्केस्ट्रा मूळ धून घेऊन परत येतो. एकल वादक त्या क्षणी साथीदार होतो. ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसासाठी लिहिलेली ही जागा आहे, हे मला प्रत्येक वेळी ऐकताना जाणवतं. फिरस्त्या एकल वादकासाठी मेंडेलसननं ही जागा अशी लिहिली असती, असं मला वाटत नाही.

१३ मार्च १८४५ रोजी गेवांडहाउसमध्ये दावीदनं तो पहिल्यांदा वाजवला. मेंडेलसन तब्येत बरी नसल्यामुळे फ्रांकफुर्टला होता. संचालन डेन्मार्कच्या निल्स गाडनं केलं. अडीच वर्षांनी, ४ नोव्हेंबर १८४७ रोजी, मेंडेलसन लाइपझिगमध्ये वारला, वय ३८. त्याच्या शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत शूमान, गाड, हाउप्टमान यांच्यासह दावीद होता. मागे राहिलेल्या हस्तलिखितांतलं काय छापायचं आणि काय नाही, हे ठरवताना मेंडेलसनच्या पत्नीनं ज्यांचा सल्ला घेतला, त्यांतही दावीद होता.

मेंडेलसन बर्लिनला असताना १८४१–४२ चा हंगाम दावीदनंच चालवला होता, पन्नासच्या दशकातही काही काळ चालवला. तरी संगीतप्रमुखाचं पद कायमचं त्याच्याकडे आलं नाही. हिलर, गाड, रिट्स, रायनेके असे प्रमुख येत-जात राहिले, कॉन्सर्टमास्टर तोच. त्याच्या स्वतःच्या रचनाही बऱ्याच आहेत. ‘हान्स वाख्ट’ हा ऑपेरा टिकला नाही. ट्रॉम्बोनसाठी लिहिलेला छोटा कंचेर्तो मात्र आजही ट्रॉम्बोनवाल्यांना नोकरीच्या परीक्षेत वाजवावा लागतो. तो त्यानं क्वाइसर नावाच्या सहकाऱ्यासाठी लिहिला होता. हा क्वाइसर दावीदच्या क्वार्टेटमध्ये व्हायोला वाजवायचा आणि ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन!

दोन ओळींचा बाख

माझ्या दृष्टीनं दावीदचं सगळ्यात महत्त्वाचं काम छापील आहे. बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या सोनाटा आणि पार्तिता आज प्रत्येक व्हायोलिनवादकाच्या अभ्यासाचा पाया आहेत. १८४० च्या सुमाराला त्या जाहीर जलशात कोणी वाजवत नसे. साथीशिवाय एकटं व्हायोलिन म्हणजे अपुरं, अशी समजूत. दावीदलाही ती होती. म्हणून १८४० मध्ये गेवांडहाउसमध्ये त्यानं त्यांतला शाकोन हा मोठा भाग वाजवला, तो मेंडेलसनच्या पियानोच्या साथीवर.

तीन वर्षांनी त्यानं या सहाही रचनांची आवृत्ती काढली, विद्यालयात शिकवण्यासाठी. प्रत्येक पानावर दोन ओळी समांतर. वरच्या ओळीत दावीदची बोटं, दावीदचे गज, चढउतार. खालच्या ओळीत, बारीक टाइपात, बाखचा मूळ मजकूर, बर्लिनच्या राजग्रंथालयातल्या हस्तलिखिताशी ताडून पाहिलेला. ज्यांना स्वतःच्या खुणा स्वतः करायच्या असतील त्यांच्यासाठी, असं त्यानं सोबत म्हटलंही आहे. विद्यार्थ्याला आपली वाट दाखवायची आणि मूळही त्याच्या हाती ठेवायचं, असा शिक्षक मिळणं भाग्याचं. संपादनाच्या जगात ही पद्धत रूढ व्हायला पुढे शंभर वर्षं लागली.

पण तोच दावीद साठीच्या दशकाच्या शेवटाला ‘होहे शूले देस व्हिओलिनश्पील्स’ या नावाचा जुन्या व्हायोलिनरचनांचा संग्रह काढतो, तेव्हा हा संयम सुटलेला दिसतो. सूर बदलले, ओळी वाढवल्या, साथ आपल्या काळाच्या चवीची लावली. त्यातला विटाली या जुन्या इटालियन संगीतकाराच्या नावावरचा शाकोन जगभर लोकप्रिय झाला. तो इतका एकोणिसाव्या शतकातला वाटतो, की दावीदनंच लिहून जुन्या माणसाच्या नावावर खपवला, असा आरोप कित्येक वर्षं होत राहिला. आरोप खोटा आहे. ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात त्याचं अठराव्या शतकातलं हस्तलिखित आहे, आणि ते लिहिणारा नकलनवीसही ओळखला गेला आहे. फसवणूक दावीदनं केली नाही. ढवळाढवळ मात्र केली, आणि ती त्याच्या चाहत्यांनी मान्य करायला हवी.

विख्यात व्हायोलिनवादक याशा हायफेट्झनं ऑक्टोबर १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये अमेरिकेतलं पहिलं वादन सुरू केलं, ते याच शाकोननं. पाच वर्षांनी त्यानं दावीदचं स्वतःचं वाद्य, ग्वार्नेरी देल जेसू या इटालियन कारागिराचं व्हायोलिन, विकत घेतलं आणि मरेपर्यंत जवळ ठेवलं. आता ते सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयाच्या मालकीचं आहे. हायफेट्झच्या इच्छेनुसार ते वाजतं राहतं, काचेत बंद पडून नाही.

शिष्य, जावई, मुलगा

पुढे मोठा व्हायोलिनवादक झालेला योझेफ योआखिम बारा वर्षांचा असताना १८४३ मध्ये लाइपझिगला आला. दावीद त्याचा शिक्षक, आणि काही काळानं ऑर्केस्ट्रातला त्याचा वरिष्ठ. १८६१ मध्ये पियानोवादक आणि संगीतकार लिस्टनं आउगुस्ट विल्हेल्मीला दावीदकडे पाठवलं, भविष्यातला पागानिनी अशी शिफारस करून. नॉर्वेचा योहान स्वेन्सनही त्याच्या हाताखालून गेला. आपल्याकडच्या एखाद्या घराण्यासारखीच ही परंपरा शिक्षण आणि सोयरीक यांच्या दुहेरी धाग्यानं विणली गेली. कारण विल्हेल्मीनं १८६६ मध्ये लग्न केलं ते सोफी फॉन लिपहार्टशी, म्हणजे दावीदच्या पत्नीच्या माहेरच्या पुतणीशी. आत्याचंच नाव भाचीला. शिष्य घरचा जावई झाला. दहा वर्षांनी, १८७६ मध्ये, बायरॉइथला वाग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेरामालिकेचा पहिला प्रयोग झाला तेव्हा ऑर्केस्ट्राचा कॉन्सर्टमास्टर हाच विल्हेल्मी. खुद्द दावीद लाइपझिगच्या, वाग्नरविरोधी समजल्या जाणाऱ्या गोटातला. पण त्याचा शिष्य पलीकडच्या गोटात जाऊन गुरूचंच काम करत होता.

दावीदचा मृत्यू अचानक आला. जुलै १८७३ मध्ये तो मुलांबरोबर स्वित्झर्लंडला सुट्टीवर गेला होता. क्लोस्टर्सजवळ डोंगरात फिरताना १८ तारखेला त्यानं प्राण सोडला. वय ६३. तोपर्यंत तो नोकरीवरच होता.

मुलगा पॉल १८४० चा. वडिलांकडेच शिकला, कार्ल्सरूहच्या दरबारी वाद्यवृंदात वाजवू लागला. म्हणजे बापाचाच रस्ता. पण १८६५ मध्ये तो इंग्लंडमधल्या अपिंगम या छोट्या गावातल्या शाळेत संगीतशिक्षक म्हणून गेला आणि १९०८ पर्यंत, ४३ वर्षं, तिथेच राहिला. इंग्लंडच्या मोठ्या निवासी शाळांमध्ये तेव्हा संगीत म्हणजे फार तर प्रार्थनेपुरतं. अपिंगमचा मुख्याध्यापक एडवर्ड थ्रिंग याची बायको जर्मन होती, आणि मुलांना खरं संगीत मिळालं पाहिजे अशी त्याची धारणा होती. पॉलनं तिथे गायनवृंद आणि जलसे उभे केले. वडिलांच्या ओळखीतून योआखिमसारखा माणूस त्या खेड्यातल्या पोरांपुढे येऊन वाजवू लागला, आणि ते एकदाच घडून थांबलं नाही. ग्रोव्हच्या संगीतकोशात व्हायोलिन आणि व्हायोलिनवादकांवरचे लेखही पॉलनं लिहिले.

आणि त्यानं आणखी एक काम केलं, ज्याची किंमत शंभर वर्षांनी कळली. वडिलांच्या वापरातल्या स्वरलिपीच्या प्रती त्यानं अपिंगमच्या शाळेत जपून ठेवल्या. त्यांवर दावीदच्या हातच्या खुणा आहेत. कुठे मोकळी तार, कुठे हार्मोनिक (तारेला हलकं बोट लावून काढलेला सूर), कुठे एकाच बोटानं वर सरकायचं. या शतकात लीड्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्या प्रती तपासल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत व्हायोलिन प्रत्यक्षात कसं वाजत होतं याचा तो एक मोठा पुरावा ठरला. ध्वनिमुद्रणाच्या आधीचा हा काळ. योआखिमनं १९०३ मध्ये मुद्रण केलं तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता. त्याच्या आधीच्या पिढीचा गज कसा चालायचा हे ऐकायची कुठलीच सोय नाही, आणि वर्णनं तर मोघम असतात. दावीदच्या बोटांच्या खुणांवरून मात्र कळतं, की एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं तेव्हा दोष समजला जात नव्हता, तो अभिव्यक्तीचा भाग होता. आजच्या वादकांना ज्या जागा नीटनेटक्या तोडून वाजवायला शिकवतात, त्याच जागा मेंडेलसनच्या मित्रानं सरकत्या बोटानं जोडल्या होत्या. काही तरुण वादक आता या खुणा समोर ठेवून ई मायनर कंचेर्तो पुन्हा बसवू लागले आहेत.